वाळूवरच्या नाचासाठी ठेका

मुलगी काय करते, असं कुणी विचारलं की माझी आई सांगते, "कॉम्प्युटरवर ढोल वाजवते." ऐकणारा विचारतो, "म्हणजे नोकरी कुठे?" आई सुकट पिशवीत भरता भरता सांगते की नोकरी नाही, काम आहे, आणि त्या कामासाठी माणसं मुंबईहून गाडी करून येतात. एवढ्यावर बहुतेकांचं समाधान होतं. आईने केलेलं हे वर्णन मला इतक्या वर्षांत सुधारता आलेलं नाही. म्हणून संपादकांनी व्यवसायाबद्दल लिहायला सांगितल्यावर मीही तिचंच वाक्य आधी कागदावर उतरवलं.

मी नाचाच्या गाण्यांचे ठेके तयार करते. हळदीत, मिरवणुकीत, समुद्रकाठच्या हॉटेलांतल्या पार्ट्यांत ज्या तालावर लोक नाचतात तो बहुतेक वेळा कुणी वाजवलेला नसतो. कुणीतरी संगणकाच्या पडद्यावर एकेक ठोका उचलून जागेवर ठेवलेला असतो. डहाणू-तलासरी भागात ते काम बरीच वर्षं मी करते आहे.

पडद्यावर चौकटींच्या ओळी असतात. सगळ्यात खालची ओळ पोटात बसणाऱ्या 'धम्'ची, तिला आम्ही किक म्हणतो. तिच्या वर टाळीसारखा आवाज, आणि त्याच्या वर झांजेची कड घासल्यासारखं बारीक 'छिक'. सारख्या अंतरावर चार धम् ठेवले, दुसऱ्या आणि चौथ्यावर टाळी दिली, मधल्या जागांत छिक भरलं की ठेका झाला. हे कुणालाही एका दुपारी शिकवता येतं. पण असा ठेका ऐकून फक्त मान हलते. पाय उचलायला त्यात डोल लागतो, आणि माझा सगळा धंदा त्या डोलाचा आहे.

डोल कसा येतो ते सांगायला मला नेहमी जाळ्याचा दोर आठवतो. माझे वडील बोटीवर खलाशी होते. दोर ओढताना सगळे एकदम ओढतात असं काठावरून बघणाऱ्याला वाटतं. तसं नसतं. पुढचा ओढतो, त्याच्या मागचा किंचित उशिरा वजन टाकतो, त्याच्या मागचा आणखी उशिरा. त्या किंचित उशिरांनी मिळून दोर सरकतो. मशीन मात्र प्रत्येक ठोका बरोबर रेघेवर ठेवतं. तिथून टाळी केसभर मागे ओढली, छिक कधी हलकं, कधी जड केलं, की ऐकणाऱ्याचं अंग पुढच्या ठोक्याची वाट बघू लागतं. वाट बघताना कंबर आपोआप हलते. तो केस कुठे आणि किती ओढायचा, हे मला येतं. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही, कारण हे येण्यासाठी मी फार कष्ट घेतले आहेत.

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. डहाणूतच मी बीएससी झाले. फिजिक्सच्या सरांनी आवाजाची लाट फळ्यावर काढून दाखवली तो दिवस माझ्या लक्षात आहे. आवाज बघता येतो हे कळल्यावर मला दुसरं काही करावंसं वाटेना. पदवीनंतर मसोलीत नरेशभाईंच्या लग्नाच्या शूटिंगच्या दुकानात लागले. तिथे त्यांच्या पुतण्याने टाकून दिलेला एक संगणक होता आणि त्यात संगीताचं सॉफ्टवेअर. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी त्यावर बसायचे. नरेशभाई एकदाही रागावले नाहीत. उलट पंखा माझ्याकडे फिरवून ठेवायचे. अशा माणसांच्या भरवशावर माणूस शिकतो.

पहिलं पक्कं गिऱ्हाईक म्हणजे तलासरीचा कल्पेश. त्याचा डीजेचा टेम्पो होता, अजूनही आहे. त्याची परीक्षा ठरलेली: स्पीकरवर चहाचा भरलेला कप ठेवायचा. चहा सांडला तर ठेका पास. "बेन, बेस थोडा वधारे पायजे," हे वाक्य त्याने मला इतक्या वेळा ऐकवलं आहे की आई घरात आमटीला मीठ कमी पडलं तरी तसंच म्हणते. एकदा आशागडच्या हळदीत त्याचा सगळा चहा सांडला आणि अंगणात नवऱ्या मुलाचा एक मामा सोडून कुणी उठलं नाही. मामा तर जनरेटर चालू झाला तेव्हापासूनच नाचत होते. मी कल्पेशला माझा दुसरा ठेका लावायला सांगितला, आवाज निम्मा करून. दोन-तीन मिनिटांत बायका पदर खोचून उतरल्या. कल्पेश कपाकडे बघत राहिला. म्हणाला, "कप तो हलला पण नाय, माणसं उठली कशी?" त्यानंतर त्याने कप ठेवणं बंद केलं नाही, पण निकाल माझ्यावर सोडला.

दुसरं एक गिऱ्हाईक मुंबईच्या जाहिरात कंपनीतलं. रिसॉर्टच्या जाहिरातीला 'जंगली' ठेका हवा होता. कुठलं जंगल, असं मी विचारलं. कुठलंही चालेल, म्हणाले. मी तीन नमुने पाठवले. त्यातला तिसरा गंमत म्हणून केलेला: आमच्या बंदरावर लाकडी हातोड्याने बर्फ फोडतात तो आवाज आणि मासळीच्या प्लॅस्टिकच्या क्रेट एकमेकांवर आपटतात तो. साहेबांचा लगेच फोन आला की हेच, अगदी दाट जंगल डोळ्यांपुढे उभं राहतं. मी आभार मानले. ती जाहिरात लागली की आमच्या आळीत अजून हसू होतं.

असे किस्से बरेच आहेत, पण मला मुख्यतः सांगायचं आहे ते वनिताच्या नाचाबद्दल.

वनिता माझी लहानपणची मैत्रीण. तलासरीच्या आठवडी बाजारात माझी आई सुके बोंबील घेऊन बसायची आणि शेजारी वनिताची आई भाजी. टोपल्यांच्या मागे आम्ही दोघी खेळायचो. आता वनिता तिच्या पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे, आणि पाड्याच्या तारपा नाचाच्या गटात सगळ्यात पुढे काठी घेऊन तीच असते.

हा नाच ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तारपा म्हणजे वाळलेल्या भोपळ्याचं, बांबूचं आणि ताडाच्या पानांचं लांबलचक फुंकवाद्य. वाजवणारा मध्ये उभा राहतो. त्याच्याभोवती बाया-पुरुष हातात हात गुंफून गोल फिरतात. रांगेच्या पुढच्या टोकाच्या माणसाच्या हातात घुंगरांची काठी असते, नवखा माणूस शेपटाला लागतो. तारपेवाल्याकडे पाठ करायची नाही. त्याने सूर बदलला की पावलांची चाल बदलायची: कधी पाय पुढे टाकून मागे घ्यायचा, कधी कमरेत वाकून, कधी लहानशी उडी. आणि या नाचात ढोल नसतो. ताल धरतात ती पावलं आणि काठी.

मागच्या हिवाळ्यात वनिता माझ्याकडे आली तेव्हा ती रागात होती. आदल्या वर्षी एका हॉटेलच्या समारंभाला त्यांचा गट बोलावला होता. तिथे गेल्यावर कळलं की पुढे नाचणार शहरातून आणलेल्या मुली, यांच्यासारखी लुगडी नेसून, आणि या सगळ्यांनी मागे बांबूच्या झोपडीपाशी हात गुंफून उभं राहायचं. नाचायचं नाही, कारण मुलींच्या नाचाशी जुळत नाही.

"आम्हाला कुडाच्या भिंतीसारखं उभं केलं," वनिता म्हणाली. "जेवण चांगलं होतं. पण भिंतीला कोण जेवायला घालतं गो?"

आता डहाणूच्या किनाऱ्यावर मोठा डान्सचा कार्यक्रम होता. मुंबईचा नावाजलेला डीजे येणार होता. त्याच्या आधी चार मिनिटं तारपा नाच ठेवायचं आयोजकांच्या मनात होतं, पण आजकालच्या ठेक्यावर, म्हणजे गर्दी बसून राहणार नाही. आयोजकांचा माणूस रोहन, वयाने लहान आणि बोलायला नम्र, त्याने वनिताला स्पष्ट सांगितलं होतं: आदल्या दिवशी किनाऱ्यावर तालीम होईल. तुमचा नाच ठेक्यावर बसला तर तुम्ही नाचाल. नाही बसला तर आमच्या मुली तयार आहेत, तुम्ही मागे उभे राहा.

म्हणजे पुन्हा भिंत. वनिताला ते नको होतं, आणि हे टाळणं माझ्या हातात आहे असं तिने ठरवून टाकलं होतं.

अडचण आणखी एक होती. त्यांचे तारपेवाले लाडक्याकाका आजारी होते. छातीचं दुखणं. डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली होती. शेजारच्या पाड्यावरचा तारपेवाला त्या दिवशी त्यांच्याच गटाबरोबर दुसरीकडे जाणार होता, आणि तसंही प्रत्येक पाड्याच्या चाली वेगळ्या. तेव्हा तारपा रेकॉर्ड करावा, त्याखाली मी ठेका घालावा आणि तो लावून नाचावं, असं ठरलं.

मी सामान घेऊन पाड्यावर गेले. शेणाने सारवलेलं, टणक चोपलेलं अंगण होतं. जमिनीलगत दोन माईक ठेवले. दोन-दोन मिनिटं फुंकायला लाडक्याकाकांनी स्वतःच स्वतःला परवानगी दिली होती. काकी त्यांच्या शेजारी बसल्या. त्यांनी हात वर केला की काकांनी थांबायचं. काका एकेक चाल थोडी वाजवायचे, बाया नाचायच्या, काकींचा हात वर जायचा, सगळे थांबायचे. काका कुरकुरायचे, पण हाताचं ऐकायचे. असे तुकडे मी घरी आणून जोडले. पुढच्या खेपेला काकांनी जोडलेलं ऐकलं तेव्हा कितीतरी वेळ सूर तुटेना. म्हणाले, "एवढा दम मला वीस वर्षांचा असताना पण नव्हता." काकी म्हणाल्या, होता, फक्त कामाच्या वेळी नव्हता.

पावलांचे आवाज मी किकच्या जागी वापरायचे ठरवले. ढोल नसलेल्या नाचाखाली बाहेरचा ढोल कशाला घालायचा? पावलं पुरेशी आहेत, फक्त त्यांना खालून जोर द्यायचा. कल्पना चांगली होती आणि मी तिच्यावर खूश होते. रेकॉर्डिंगमधलं सगळ्यात स्वच्छ पाऊल, वनिताचं, मी कापून घेतलं, त्याच्या मागची खरखर साफ केली, त्याच्या पोटात खोल धम् भरला आणि ते रेघेवर मांडलं. कल्पेशचा स्पीकर अंगणात लावून ऐकवला.

बाया दोन फेरे कसेबसे फिरल्या आणि थांबल्या. रांगेच्या शेपटाला एक आजीबाई होत्या, त्या म्हणाल्या, "पोलीस भरतीची तयारी चालू हाय काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण मला लागलं. वनिता हसली नाही. तिने फक्त विचारलं, "तालमीपर्यंत होईल ना?"

घरी येऊन मी मूळ रेकॉर्डिंगची लाट पडद्यावर मोठी करून बघितली. एक पाऊल म्हणून मी जे कापलं होतं ते एक पाऊल नव्हतंच. आधी काठी वाजत होती. मग वनिताचा पाय, मग तिच्या शेजारणीचा, आणि असं करत करत शेवटी शेपटाच्या आजीबाईंचा. सगळा मिळून एक ठोका, पण पसरलेला, किनाऱ्यावर लाट फुटते ना, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, तसा. खरखर म्हणून मी जी साफ केली होती त्यात अर्धी रांग होती.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. सगळ्यांची पावलं परत आणली. प्रश्न असा की या पसरलेल्या ठोक्यात खालचा धम् कुठे ठेवायचा? पहिल्या पायाखाली ठेवला तर सगळी रांग उशिरा आल्यासारखी वाटते. शेवटच्या पायाखाली ठेवला तर वनिता घाई करते आहे असं वाटतं. मी तो सरकवत सरकवत रांगेच्या मध्यापाशी आणला, आणि तिथे तो असा बसला की माझा पाय आपोआप उचलला गेला. काठी धम्च्या थोडी पुढे ठेवली. पैंजणांचा आवाज मागे लोंबकळत सोडला. तारप्याचा सूर संपत येतो तेव्हा बायांची गती जराशी वाढते, ती वाढसुद्धा ठेवली. एरवी कुठलाच डीजे हे चालवून घेत नाही, त्याला गती शेवटपर्यंत एकसारखी लागते. पण यांच्यानंतर डीजे नव्याने सुरू करणार होता, मग हरकत काय?

पुढच्या खेपेला अंगणात ठेका लावला आणि बायांनी एकमेकींकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ नाचू लागल्या. आजीबाई म्हणाल्या, "आता पावलं आमची झाली." आतापर्यंत मला मिळालेल्या शाबासक्यांत ही मला सगळ्यात मोठी वाटते.

पण गाडी पुन्हा अडली. चाल बदलायची वेळ आली आणि रांग मोडली. निम्म्या बाया वाकल्या, निम्म्यांनी उडी मारली, दोघी एकमेकींवर पडल्या आणि हसत बसल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काय होतंय ते वनिता आणि मी अंगणात बसून शोधत होतो. चाल कधी बदलायची हे तुम्ही कसं ठरवता, असं मी काकांना विचारलं. काका म्हणाले, "रांग बघायची. पुढचं टोक बघायचं, शेपूट बघायचं. तयार झाले की बदलायची." आणि नाचणारे बघतात काकांकडे, त्यांच्या खांद्यांकडे. रेकॉर्डिंगला डोळे नसतात आणि खांदेही नसतात.

वनिता म्हणाली, "म्हणजे मध्ये कुणीतरी माणूस पाहिजे."

"तारपेवाला नाही," मी म्हटलं.

"मग तू ये."

मी तशी घाबरट आहे. मागे बसून काम करणारी. पण तिचं म्हणणं माझ्या धंद्याच्या दृष्टीनेही बरोबर होतं. माझ्याकडे रबरी बटणांची एक पाटी आहे, तिला पॅड म्हणतात. लॅपटॉपला जोडली की एकेका बटणावर एकेक तुकडा बसवता येतो. मी प्रत्येक चालीचा तारपा आणि ठेका एकेका बटणावर घेतला. बटण दाबेपर्यंत तीच चाल फिरत राहील, दाबलं की पुढची. पॅड गळ्यात अडकवून मी अंगणात मध्ये उभी राहिले आणि रांग बघायला शिकले. पहिल्या दिवशी मी सारखी बटणांकडे बघत होते. काका ओसरीवरून ओरडायचे, "खाली काय पडलंय?" दोन दिवसांनी मान वर आली. रांग तयार झाली की कळतं. शेपटाचे पाय पुढच्या टोकाच्या पायांसारखे पडू लागतात, आणि एक प्रकारची शांतता येते, आवाज चालू असतानाच. तेव्हा बटण दाबायचं.

तालमीच्या दिवशी किनाऱ्यावर पोचलो. सुरूच्या झाडांपलीकडे मंच उभा होता, त्याच्यापुढे वाळूवर नाचाची जागा आखलेली. बाया रांगेत उभ्या राहिल्या, सहज दोन पावलं टाकून बघितली, आणि वनिताचा चेहरा उतरला. वाळूवर पाऊल वाजत नाही. जन्मभर ज्यांनी एकमेकींची पावलं ऐकत नाच केला त्यांना एकदम बहिरं झाल्यासारखं वाटलं. मी तिला म्हटलं, पावलं माझ्याकडे आहेत, तुमचीच आहेत, स्पीकरमधून येतील. ती हो म्हणाली, पण काठीवरची तिची मूठ घट्ट झालेली मला दिसत होती.

तेवढ्यात रोहन आला. त्याने मला मंचाच्या कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. मी म्हटलं, मी मध्ये उभी राहणार. तो गोंधळला. मध्ये कॅमेऱ्यात मी दिसेन, वायर वाळूतून न्यावी लागेल, पाणी, पाय, सगळाच धोका, आणि वर ठेका एकदा लावल्यावर माझं काम काय, असं त्याचं म्हणणं होतं. चुकीचं काहीच नव्हतं त्यात, त्याच्या बाजूने बघितलं तर.

"मॅडम, फ्रेममध्ये तुम्ही जीन्स घालून दिसणार," तो शेवटी म्हणाला.

"तारपेवाला असता तर तो दिसला असता ना?" मी विचारलं.

"तो दिसायलाच हवा असतो."

"मग आज मी तारपेवाली आहे."

मला स्वतःलाच ते वाक्य मोठं वाटलं आणि कान गरम झाले. रोहन काही बोलणार, एवढ्यात वनिता पुढे आली. तिचा आवाज अंगणवाडीतल्या पोरांना समजावताना असतो तसा होता. "दादा, ती मध्ये नसेल तर आमची रांग मोडणार. रांग मोडली तर तुम्ही आम्हाला मागे उभं करणार. त्यापेक्षा आम्ही आत्ताच घरी जातो. आमची लुगडी मात्र तुमच्या पोरींना नाय देणार."

स्पीकर लावायचं काम कल्पेशकडे होतं. तो कुणालाही न विचारता प्लॅस्टिकचा पाइप घेऊन आला, त्यातून वायर ओवली आणि वाळूत चर खणून पुरायला बसला. "एकदा ट्राय तो करू द्या साहेब," तो रोहनला म्हणाला. "नाय जमला तर मी पाइप काढून घेतो."

तालीम झाली. पहिल्या चालीत बाया चाचपडल्या, मग पावलं त्यांना ऐकू यायला लागली. दुसरी चाल, तिसरी, चौथी. रांग मोडली नाही. रोहनने फोन खाली ठेवला आणि नुसता बघत राहिला. शहरातून आलेल्या मुलीही बाजूला बसून बघत होत्या. संपल्यावर त्यांच्यातल्या दोघी वनिताकडे आल्या आणि त्यांना पण घेता येईल का, असं विचारू लागल्या. वनिताने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "शेपटाला लागा," ती म्हणाली, "आणि आजीकडे बघा, माझ्याकडे नको."

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. आई आली होती, पहिल्यांदाच माझं काम बघायला. लाडक्याकाका आणि काकी बाजूला खुर्चीवर होते. गर्दी मोठी, सूर्य खाली आलेला. मी मध्ये उभी राहिले, बाया माझ्याभोवती गोल फिरू लागल्या आणि त्यांच्यातल्या एकीनेही माझ्याकडे पाठ केली नाही. एवढा मान मला कुठे मिळाला नव्हता. स्पीकरमधून त्यांच्या अंगणातली पावलं येत होती, वाळूवर त्यांचे पाय पडत होते आणि दोन्ही एकच होतं. माझा धम् बरोबर रांगेच्या मध्यात होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं तरी बोटं चुकली नाहीत, हेही लिहून ठेवते.

शेवटच्या चालीच्या आधी मंचावरून रोहनने हात हलवला. वेळ झाली होती, डीजे वर येऊन उभा होता. मी रांगेकडे बघितलं, रोहनकडे बघितलं, आणि बटण दाबलं. शेवटची चाल झाली, वनिताने काठी उंच केली, टाळ्यांचा कडकडाट झाला. रोहन धावत येऊन म्हणाला की जबरदस्त झालं, पुढच्या वर्षीही तुम्हीच. वनिताने त्याला विचारलं, "पुढे ना?" तो म्हणाला, पुढेच. झोपडी आणणारच नाही.

कल्पेशचा टेम्पो सुरूच्या बागेपलीकडे मोकळ्या जागेत उभा होता. तिथे आम्ही सगळे जमलो. आई माझ्या केसांतली वाळू झटकत राहिली. बाया खूश होत्या, आपापले फोटो बघत होत्या. लाडक्याकाका काठी टेकत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले.

"शेवटची चाल लवकर बदललीस," ते म्हणाले. "पुढचं टोक जिथून निघालं तिथे परत आलं नव्हतं. अर्धा फेरा राहिला."

मी म्हटलं, वेळ संपली होती काका, ते हात करत होते.

"त्यांची वेळ संपली," काका म्हणाले. "फेरा राहिला ना. फेरा अर्धा टाकून घरी जायचं नसतं."

ते रागावून बोलत नव्हते. एखाद्या तारपेवाल्याला दुसऱ्या तारपेवाल्याने सांगावं तसं सांगत होते. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त मला ताठ उभं राहावंसं वाटलं.

बायांनी फोन ठेवून दिले. कुणी काही ठरवलं नाही. वनिताने काठी घेतली, तिच्यामागे हात गुंफले गेले, शहरातल्या त्या दोन मुलीही कुठून तरी येऊन शेपटाला लागल्या. लॅपटॉप पेटीत गेला होता, स्पीकर अजून मंचापाशी होते आणि तिकडे डीजेचा कार्यक्रम रंगात आला होता. तारपा तर पाड्यावरच राहिलेला. काका मध्ये जाऊन उभे राहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "ठेका दे."

मी आयुष्यात कधी हाताने ढोल वाजवलेला नाही. टेम्पोचा मागचा फाळका उघडा लटकत होता. त्यावर मी तळहात मारला. पहिला ठोका फसला. दुसरा बरा आला. तिसऱ्याला रांग हलली, आणि या टणक जमिनीवर वनिताचा पाय, मग तिच्या शेजारणीचा, मग पुढचीचा, असं शेवटच्या आजीबाईंपर्यंत मला ऐकू येऊ लागलं. माझा हात कुठे पडायला हवा ते मला माहीत होतं. मी तो रांगेच्या मध्यात टाकला.

काका तोंडानेच सूर धरत होते, हळू, काकींना ऐकू जाणार नाही इतपत. काकींनी हात वर केला नाही. पुढचं टोक फिरत फिरत टेम्पोपाशी, निघालं होतं तिथे आलं. वनिताने काठी जमिनीला टेकली आणि मग आम्ही सगळे टेम्पोत चढलो.